नणंदेची वेणी, माझे केस

"अलोपेशिया अरिआटा," सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात छोटा आरसा दिला. तो मागं धरला तेव्हा भिंतीवरच्या आरशात मला दिसलं. माझ्या लांबसडक केसांखाली दोन गुळगुळीत चट्टे होते, बंद्या रुपयाहून मोठे. तिसरा कानाच्या वर.

आपण याला चाई म्हणतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. हा रोग कुणाकडून लागत नाही आणि आपल्यापासून कुणाला होत नाही. शाम्पूचा, दृष्ट लागण्याचा काही संबंध नाही. तुम्हालाही कुणी कांदा चोळायला सांगेल, पण आधी डॉक्टरांकडे जा.

थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. मग सुरू झाली इंट्रालिजनल इंजेक्शनं, म्हणजे बारीक सुईनं थेट चट्ट्यात औषध. मुंग्या डसल्यासारखं होतं, पण सोसवतं. दर महिन्याला इस्लामपूरहून सांगलीला जायचं आणि दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसायचं. तिथं सगळ्या बायका डोक्यावरून पदर किंवा ओढणी घेतलेल्या. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि हळूच हसायचो.

चट्ट्यांवर पांढरी लव फुटली तेव्हा डॉक्टरबाई माझ्याइतक्याच खूश झाल्या. पण उरलेले केस इतके विरळ झाले होते, की मी ते कापून खांद्यापर्यंत आणले होते. त्यातच सैन्यातल्या माझ्या दिराला रजा मिळाली आणि त्याचं लग्न ठरलं. विट्याची मुलगी. घरातली मोठी सून मी, आणि अंबाडा बांधायला केस नाहीत!

हौसेनं बाजारातून खोट्या केसांचा झुपका आणला. प्लॅस्टिकसारखा चमकायचा. पहिल्याच धुण्यात त्याचा काथ्या झाला. पार्लरमधली म्हणाली, "गोंदानं चिकटवू, महिनोन् महिने टिकतील."

मी आधी डॉक्टरबाईंना विचारलं. बरं झालं विचारलं.

"गोंद, टेप, केसांत आवळायच्या बारीक रिंगा, यातलं काहीच नको," त्या म्हणाल्या. "सगळं वजन मुळांवर येतं आणि ओढ बसून नवे केस गळतात. त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. क्लिपचे लावा, हलके. क्लिप चट्ट्यावर नाही, शेजारच्या मजबूत केसांना. आणि घरी आलात की काढायचे."

खऱ्या केसांचे घ्यायचे, हे मी ठरवलं. त्याच आठवड्यात माझी नणंद सायली शिरवळहून आली. ती तिथल्या कंपनीत नोकरीला. कमरेखाली जाणारी जाड वेणी, रोज हेल्मेटमध्ये कोंबून वैतागलेली.

"वहिनी, माझे घे की!"

"वेडी आहेस का? आई काय म्हणतील?"

"कॉलेजपासून बॉबकट करायचाय मला. आई करू देत न्हाई. आता कारण मिळालं!"

मी तिला दोनदा विचार करायला लावलं. तिनं एकदाही केला नाही. सांगलीत केसांचे टोप बनवणाऱ्या बाईंकडे आम्ही दोघी गेलो. वेणी कापल्यावर सायलीनं मान अशी काही झटकली, की दुकानातल्या सगळ्या हसल्या. त्या बाईंनी केसांची टोकं एका दिशेला ठेवून क्लिप लावलेल्या पट्ट्या शिवल्या. टोकं उलटसुलट झाली की गुंता होतो, म्हणाल्या.

सासूबाईंनी मात्र लेकीशी अबोला धरला. "करवली असली? पावणं काय म्हणतील?" हे त्या भिंतीला विचारायच्या.

त्या दिवसांत मी त्या केसांची निगा शिकले. विंचरताना आधी टोकं, मग वर. मोठ्या दातांचा कंगवा. सौम्य शाम्पू, चोळणं नाही, सावलीत पसरून वाळवणं. क्लिपजवळ तेल लावायचं नाही, घसरतात. लावून झोपायचं तर मुळीच नाही. डोकं ठणकलं, खाज आली, तर तेव्हाच काढायचे.

लग्नाच्या सकाळी सायलीनं एकेक पट्टी लावली. मग अंबाडा, गजरा. मी मान हलवून बघितली. घट्ट! मला इतका आनंद झाला की सायलीला उचलूनच घ्यावंसं वाटलं. तिचा आखूड केसांचा चेहरा तर नुसता उजळला होता.

मांडवात एक पाहुणी मला न्याहाळून सासूबाईंना म्हणाली, "आवं, सुनबाईचं केस किती झ्याक! आन् लेकीचं असं का वो कापलं?"

माझा हात अंबाड्याकडे गेला. सायलीनं माझा हात धरला.

सासूबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं. "आमच्या वक्ताला गंगावन इकत आणायच्या बाया," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात न्हाई आणावं लागलं. लेकीचं केस हायत सुनंच्या डोक्यावर. लय शोभत्यात, न्हाई?"

आणि त्यांनी सायलीच्या मानेवरचे आखूड केस हातानं सारखे केले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलल्या: "चल गं, ववाळायचं ताट घे."

माझ्या चट्ट्यांवर आता काळे केस आहेत. पुन्हा गळू शकतात, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय. गळले तर गळले. दवाखान्याच्या बाकावर मी आता डोकं झाकत नाही. शेजारी नवीन कुणी घाबरून बसलेली दिसली, की आपणहून म्हणते, "ताई, मलाही झालंय. विचारा काय विचारायचं ते."