खुर्चीवाल्याची दुसरी बाजू

एका माणसाच्या बायकोचा आवाज मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. रागाने नव्हे, हलगर्जीपणानेही नव्हे. मी हुशार होतो, एवढंच कारण.

तो माणूस म्हणजे ओमानमधल्या रुस्ताकच्या सूकमधले, जुन्या बाजारातले अब्बासभाई. मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. मोबाईलची कव्हरं, रिचार्ज, पंखे-इस्त्र्यांची दुरुस्ती. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहावं एवढंच दुकान. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो चार्जर घ्यायला. शेजारी हलवा, समोर लोबान, आणि मधल्या या दुकानातून गिटारींचा गदारोळ. जाळीची टोपी घातलेला साठीचा माणूस पंखा उघडून बसलेला, आणि त्याच्या पाठीमागे कोणीतरी इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडत होतं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"खुर्चीवाल्याचा," ते म्हणाले आणि स्क्रू शोधायला लागले.

नव्वदीत त्यांचं हेच दुकान कॅसेटचं होतं. एकदा दुबईहून आलेल्या हिंदी गाण्यांच्या मालात एक खोकं चुकून इंग्रजी रॉकचं आलं. ज्या बँडना त्यांच्या स्वतःच्या देशातही कोणी फारसं विचारलं नसेल, अशांचं. परत घ्यायला कोणी तयार नाही, विकत घ्यायला कोणी तयार नाही. शेवटी अब्बासभाईंनी स्वतःच ऐकायला घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नावं कव्हरवरच्या चित्रावरून पडली. खुर्चीवाला, भिजलेली बाई, तीन अंडी.

मी तेव्हा एका वेबसाइटवर सदर लिहायचो. अर्धं सदर नव्या रॉक अल्बमांवर, अर्धं नव्वदीतल्या विसरलेल्या अल्बमांवर. वाचक बेताचे, रुबाब भरपूर. दिवसभर पाण्याच्या प्लांटच्या लॅबमध्ये क्षार मोजायचे आणि संध्याकाळी जगाला चव शिकवायची. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर दुकान उघडायच्या आधी, मी मस्कतमधल्या अल् घुब्र्याहून गाडी काढून त्यांच्याकडे जायला लागलो. नवीन आलेलं काहीतरी फोनवर लावायचो. ते एक कान फोनला लावून, दुसऱ्या हाताने सोल्डरिंग करत ऐकायचे.

"हा तीन अंडीवाल्यांचा नातू हाय," ते म्हणायचे. "आवाज आज्याचा, भूक नाय आज्याची."

पुढच्या आठवड्यात माझ्या सदरात यायचं, या बँडवर नव्वदीची दाट सावली आहे, पण ती अस्वस्थता हरवली आहे. एकाने खाली लिहिलं, काय कान आहे तुमचा. मी त्याचे आभार मानले.

त्यांचा एक नियम होता. कुठल्याही कॅसेटचं पहिलं गाणं ते पुढे ढकलायचे. "पयला गाना इकायला असतो. ऐकायचा तो सातवा." आणि दुसरं म्हणजे कॅसेट लावली की ती पूर्ण संपेपर्यंत बंद करायची नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही. मी एकदा शेवटच्या गाण्यानंतर सवयीने बटण दाबायला गेलो, तर माझ्या बोटांवर स्क्रूड्रायव्हर बसला. "थांब ना रायटर. तुना कुटं ट्रेन पकडायची हाय?"

ट्रेन ओमानात नाहीच. पण मी थांबायला शिकलो नाही.

खुर्चीवाल्याची कॅसेट मला कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती. हा अल्बम इंटरनेटवर कुठेच नव्हता. तो मी उजेडात आणणार होतो. तीन वर्षं मागत होतो, ते देत नव्हते. मग त्यांच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तुटला आणि तसला पट्टा मस्कतमध्येही मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"पुरी उतरव," ते म्हणाले. "शेवटपातूर."

मी घरच्या टेपवरून उतरवली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं, नुसती खरखर सुरू झाली. आता गंमत अशी, की नव्वदीतले हे बँड शेवटच्या गाण्यानंतर बराच वेळ शांतता सोडून एखादं गाणं लपवून ठेवायचे. यावर मी दोन भागांत लेख लिहिलेला आहे. तेव्हा मी जाणकारासारखा दीड मिनिट थांबलो. काही नाही. बंद केलं आणि फीत पुढे पळवली. मशीनने ती खाल्ली. शेवटची आठ-दहा मीटर रुळाभोवती गुंडाळून तिची पार चिंधी झाली.

मी घाबरलो नाही. ती चिंधी कापली आणि उरलेली फीत नीट जोडून घेतली. कापलेल्या तुकड्याच्या एका बाजूला खरखर होती, दुसऱ्या बाजूला, म्हणजे कॅसेट उलटल्यावर, पहिलं गाणं. ते मी उतरवून घेतलेलंच होतं, आणि अब्बासभाई पहिलं गाणं ऐकत नाहीत. म्हणजे काहीच गेलं नव्हतं. वर कॉम्प्युटरवर सगळी खरखरही धुऊन काढली. तुकडा कचऱ्याच्या पिशवीत गेला.

शुक्रवारी मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्यांनी नवा स्पीकर पुसून ठेवला होता. अख्खा अल्बम त्यांनी स्पीकरवर हात ठेवून ऐकला. शेवटचं गाणं संपलं. ते तसेच बसून राहिले.

"झालं," मी म्हणालो.

"अजून हाय."

"नाही अब्बासभाई, पुढे कोरीच होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोरी कशी? तिता जुबेदा बोलतं."

जुबेदा त्यांची बायको. ती गेली होती एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. तेव्हा फोन परवडायचे नाहीत. आवाज भरलेल्या कॅसेट गावाला जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायच्या, रेकॉर्डिंग अडवणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावून त्याच परत भरायच्या. एकदा हाताशी दुसरी नव्हती, म्हणून त्यांनी खुर्चीवालाच पाठवला आणि निरोप दिला, गाणी पुसू नकोस, शेवटी जागा आहे तिथे बोल. गाणं चुकून पुसलं जाईल या धास्तीने तिने चांगली दोन मिनिटं जागा सोडली आणि मग बोलायला सुरुवात केली. माणूस कॅसेट घेऊन मालाच्या बोटीने निघाला. तो पोचायच्या आधी तार पोचली. तिला पुरून वीस दिवस झाल्यावर अब्बासभाईंनी तिचा आवाज ऐकला.

"काय बोलली होती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय नाय. कोंबड्या. पागोळीचा पत्रा उडाला. मग बोललं, जागा संपतं, आता तू बोल."

मी तसाच घरी आलो आणि बिल्डिंगखालच्या हिरव्या कचरापेटीत कंबरेपर्यंत शिरलो. वॉचमनला वाटलं, साहेबांची नोकरी गेली. पेटी सकाळीच रिकामी झाली होती. बायको गॅलरीतून बघत होती. वर गेल्यावर तिने गीझर लावला.

अब्बासभाई ओरडले नाहीत. पुढच्या शुक्रवारी एवढंच म्हणाले, "ती खरखर परत घाल. तू फार साफ केलंस."

मी मूळ रेकॉर्डिंग आणून दिलं. त्यात दीड मिनिट खरखर होती, आणि मग माझ्या बोटाने पाडलेला खटका. त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही ते ऐकायचो. गाणं संपलं की ते सोल्डरिंग थांबवायचे आणि मान थोडी तिरकी करायचे, कोणी आतल्या खोलीतून बोलत असावं तशी. मीही करायचो. एकदा मला खरखरीत कोंबडीसारखं काहीतरी ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मग खटका. सदर मी त्याच महिन्यात बंद केलं. कोणी का म्हणून विचारलं नाही.

दोन वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर मीच सोडायला गेलो. गाडीत एक नवा अल्बम लावला होता. शेवटचं गाणं संपलं तेव्हा विमानतळ समोर आला होता. मी गाडी कडेला घेतली, आणि अल्बमवाल्यांनी काहीही लपवलेलं नसताना आम्ही दोघं इंजिन चालू ठेवून बसलो. शेवटी तेच म्हणाले, "यल्ला, चल."

सामानात कॅसेटचं ते जुनं खोकं होतं, सुंभाने बांधलेलं. ट्रॉलीवर ठेवताना सुंभाचं एक टोक हातभर लोंबत होतं, चाकात अडकेलसं. मी किल्लीच्या जुडग्यातली छोटी कात्री काढली.

"ठेव ती," अब्बासभाई म्हणाले. "तुना रिकामा काय नि भरलेला काय, कळत नाय."