टकळीने वडिलांना विचारलेला प्रश्न

घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तिचं तोंड कधी मिटलंच नाही. आजोबा मंत्री होऊन गेलेले, वडील मंत्री, थोरला भाऊ त्याच वाटेवर. बैठकीच्या खोलीत सकाळपासून अर्ज घेऊन माणसं बसलेली असत, आणि ही त्यांच्यात घुसून कोण कशासाठी आलंय ते विचारत फिरे. आई म्हणायची, हिला पाणी द्यायला पाठवावं तर ही जबानी घेऊन येते.

तेविसाव्या वर्षी ती एका वृत्तवाहिनीत लागली. वशिल्याने आली असं तिथे सगळ्यांनीच धरून चाललं. संपादकबाईंनी तिला वर्षभर हवामान आणि वाहतुकीवर ठेवलं. कॅमेरावाले काका मात्र तिला हाताशी धरून शिकवायचे. समोरचा माणूस रडू लागला तर माइक खाली घ्यायचा, आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. यातलं दुसरं तिला फार जड गेलं.

चौथ्या वर्षी शहरातल्या नव्या बसस्थानकाचं छप्पर कोसळलं. दोन सफाई कामगार ढिगाऱ्याखाली सापडले. पाय मोडले, पण जिवावरचं पायावर निभावलं. बांधकाम खातं वडिलांकडे होतं. संपादकबाईंनी पत्रकार परिषदेला तिलाच पाठवायचं ठरवलं. तिने नाही म्हणून पाहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या, दुसरं कोणी गेलं तर लोक म्हणतील तुला लपवलं, आणि ते खरंच असेल.

सभागृहात वडिलांनी तिला पाहिलं आणि नजर कागदांकडे वळवली. तिची पाळी आली.

"मंत्रिमहोदय, छप्पर तपासून ठीक असल्याचा दाखला आहे का?"

वडील काहीच बोलले नाहीत. तिला आणखी काही विचारून त्यांची सुटका करावीशी वाटली, पण ती गप्प राहिली. अकरा सेकंद गेले.

"नाही," वडील म्हणाले. "दाखला न पाहताच उद्घाटन केलं. घाई माझी होती."

परत आल्यावर संकलनाच्या खोलीत बसून तिने ते अकरा सेकंद कापून टाकले. प्रश्न आणि लगेच उत्तर, अगदी स्वच्छ. संपादकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कोणासाठी कापलंस?"

तिने बाजूला सरकून बाईंना जागा करून दिली. बाईंनी खुर्ची ओढली आणि कापलेलं सगळं आपल्या हाताने पुन्हा जोडलं. संध्याकाळी सगळ्यांनी ते पाहिलं. आठवड्याच्या आत वडिलांनी राजीनामा दिला.

भावाने पुढे दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला. आई दोघांच्या मध्ये निरोप नेऊन थकली. वडील पंधरा दिवस खोलीतच होते. मग एका दुपारी बागेत झाडांना पाणी घालता घालता त्यांनी तिला हाक मारली.

"दाखला नाही हे मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं," ते म्हणाले. "चौकशी चालू आहे, एवढंच बोलायचं ठरवून आलो होतो. समोर तू होतीस म्हणून जीभ वळली नाही. बरं झालं. नाहीतर पुढे तेच निस्तरत बसलो असतो."

ती तिथेच पायरीवर बसून रडली. वडिलांनी नळ बंद केला आणि तिच्याजवळ येऊन बसले.

त्यानंतर तिने तीस वर्षं हे काम केलं. पूर पाहिले, निवडणुका पाहिल्या, दोनदा दगड खाल्ले. ते दोन कामगार पुन्हा चालू लागले तेव्हा ती त्यांच्या घरी गेली होती, कॅमेऱ्याशिवाय. भाऊही हळूहळू निवळला आणि तिच्या मुलाखतींवर फोन करून शेरे मारू लागला.

निवृत्त झाली त्या आठवड्यात ती संपादकबाईंच्या घरी गेली. बाई आता काठी घेऊन चालत. तिने सांगितलं, त्या दिवशी तुम्ही ते परत जोडलंत म्हणून मी या धंद्यात टिकले. इतकी वर्षं आभार मानायचे राहून गेले.

बाई हसल्या. "अगं, तू भांडायला उठली असतीस ना, तर मी तुला कामावरून काढायच्या बेतात होते. तू शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिलंस, तेव्हा म्हटलं, राहू दे हिला."

मग दोघींनी चहा घेतला, आणि बाईंनी तिला दिवे लागेपर्यंत उठू दिलं नाही.