नऊ नंबरची पिल्लं

शुभा देवस्थळी मूळची नागपूरची. अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. २००३पासून दर हिवाळ्यात दोन महिने ती उत्तर मिनेसोटाच्या जंगलात लिंक्सच्या मागावर चालायची. लिंक्स म्हणजे कानांवर काळे झुपके असलेलं रानमांजर. त्याचे पंजे इतके रुंद की मऊ, खोल बर्फात ते रुतत नाही. दुसरं मांजर तिथे टिकत नाही, म्हणून तो मुलूख त्याचा.

पण बर्फाचं काही खरं राहिलं नव्हतं. भर जानेवारीत पाऊस यायचा, वर कडक पापुद्रा धरायचा, आणि दक्षिणेकडचं बॉबकॅट, लिंक्सचंच लहान पंजांचं भाऊबंद, त्यावरून खुशाल आत शिरायचं. शुभा दोघांचे केस आणि विष्ठा पिशव्यांत भरून आणायची. वर्षागणिक बॉबकॅटच्या पिशव्या वाढत होत्या.

गळ्यात रेडिओचा पट्टा असलेली नऊ नंबरची मादी चार हिवाळे एकटीच फिरत होती. २००७च्या मार्चमध्ये तिच्या पावलांशेजारी आणखी दोघांची पावलं दिसली.

"मावशी, किटन्स!" बरोबरची विद्यार्थिनी प्रीता ओरडली. ती इथेच जन्मलेली. "फायनली!"

शुभाने वाकून पावलाची कड चाचपली. "पंजे लहान आहेत गं."

"बेबीज आहेत, सो?"

"मार्चपर्यंत पिल्लाचा पंजा चांगला मोठा होतो."

जवळच्या झुडपात अडकलेले केस तिने चिमट्याने उचलले. एप्रिलमध्ये लॅबमध्ये तिने स्वतः त्यांची डीएनए तपासणी केली. पटेना म्हणून पुन्हा केली. आई लिंक्स, बाप बॉबकॅट.

"पण जिवंत आहेत ना?" प्रीताने विचारलं. "दॅट्स गुड, राइट?"

"जिवंत आहेत," शुभा म्हणाली. चार वर्षं तिने या पिल्लांची वाट पाहिली होती. रिपोर्टमध्ये त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, यावर तिची अख्खी दुपार गेली.

पुढच्या हिवाळ्यात नवरा, संजीव, म्हणाला, "या वर्षी राहू दे ना." तरी ती गेली. नऊ नंबरचा सिग्नल कुठेच लागला नाही. पाच आठवडे रोज सहा मैल चालून तिला फक्त बॉबकॅटची पावलं मिळाली. फेब्रुवारीत पाऊस लागला, तीही वाहून गेली.

परतल्यावर तिने लॅबच्या साहेबांना सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून मी फक्त लॅबचं काम करीन. जंगलात प्रीताला पाठवा."

"का?"

"दमले."

साहेबांनी मान हलवली आणि यादीतलं नाव बदललं.