सुंदर सही चालणार नाही

"नोख एन केर!" म्हणजे डचमध्ये 'अजून एकदा'. एक बोट वर करून आमच्या समोरच्या चिनी काकू हे म्हणाल्या की समजायचं, आता सुटका नाही. सूप वाढताना हेच, माझ्या लेकीचा बॅडमिंटनचा फटका चुकला तरी हेच.

ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमध्ये आमची दारं समोरासमोर. दाताच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या काकूंना एकच नाद, ब्रशने अक्षरं काढायचा. एक अक्षर मनासारखं उतरेपर्यंत कागदांचा ढीग! तुमच्याही ओळखीत असा एखादा चिवट जीव असेलच.

त्यांची आई गेली. वडील आधीच गेलेले. गावाकडच्या घराला वारस दोघी बहिणी. "आईचं सगळं ताईने केलं. घर तिचंच," काकू म्हणाल्या. आपल्याकडे बहिणी भावासाठी हक्कसोडपत्र देतात ना, तसंच हे. पण डच पासपोर्ट घेतल्यावर काकूंचं चिनी नागरिकत्व संपलेलं. त्यामुळे इथल्या नोटरीसमोर सही, मग कोर्टाचा शिक्का, मग कागद चीनला. तोवर ताईच्या नावावर काही होणार नव्हतं.

"तुमचाही पासपोर्ट जातो ना?" त्यांनी मला विचारलं.

"जातो. पण ओसीआय कार्ड मिळतं, मग भारतात जायला व्हिसा लागत नाही."

"मजा आहे बाई तुमची! मला ताईकडे जायलाही व्हिसा."

नोटरीकडे मी सोबत गेले. काकूंनी ठेवणीतलं जाकीट घातलेलं. अशी देखणी सही केली की बघत राहावं. नोटरीने पासपोर्ट पाहून नकारार्थी मान हलवली. त्यातली सही घाईत केलेली, गचाळ.

"अशीच हवी. जुळली पाहिजे."

"पण ती वाईट आहे!"

काकूंनी परत केली. आणखी सुंदर! अहो, हाताला वाईट लिहिताच येईना. नोटरी घड्याळ बघायला लागला, माझा जीव टांगणीला. शेवटी म्हटलं, "काकू, ट्राम सुटतेय समजा!" काकूंनी डोळे मिटून ओढली एकदाची रेघोटी. सही जुळली. काकूंचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

घर नावावर झालं त्या दिवशी ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच चहा पीत होते. हसता हसता काकू एकदम रडायलाच लागल्या. "काय झालं? काही अडलं का?" मी विचारलं.

"ताई म्हणते, घर आता माझं, तेव्हा माझंच चालणार. तुझी खोली रंगवून घेतेय, मुकाट्याने राहायला ये."

व्हिसा मिळाला आणि काकू गेल्या. समोरचं दार बंद असतं. करमत नाही हो अजिबात, पण त्या बंद दाराकडे बघून फार बरं वाटतं.