मावशीला न वाचून दाखवलेले दोन कागद

बायडामावशीच्या मुलाचा, दत्ताचा, फोन आला तेव्हा मी पौडच्या दवाखान्यात, एका बाईंच्या कुत्रीच्या नसबंदीचं संमतीपत्र भरत होतो. "आई गेली रे," तो म्हणाला. "तू ये. हितं कागदं भरायची हायेत, मला काय उमजंना." मी बाईंची सही घेतली, शिक्का मारला आणि मगच उठलो. त्याला आता दोन महिने होतील. आई गेल्यावरही दत्ताला माझी आठवण कागदांसाठीच झाली, यात त्याचं काही चुकलं नाही. त्या घरात माझी ओळखच ती होती, आणि ती बायडामावशीनेच ठरवली होती.

ती माझी नात्याने मावशी नव्हती. कॉलेजसाठी मी मुळशीत आलो तेव्हा रिहे गावात तिच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहिलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. भाडं किती म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "भाडं ऱ्हाऊ दे. मला कागदं वाचून दाखवत जा." मग तलाठ्याची नोटीस, विजेचं बिल, जनावरांच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळं मी वाचायचो आणि ती भाकऱ्या थापत ऐकायची. कंटाळून मी मधलं गाळलं की तिला बरोबर कळायचं. "एवढं लांबलचक लिवलंय आन तू दोन वाक्यांत उरकतुयास? समदं वाच. मला काय समजंल, काय न्हाई, ते माजं मी बगंन." एखाद्या शब्दाशी अडखळलो की हसायची, "पास झालाय म्हनं! आमी पेढे उगाच खाल्ले का काय?" शेवटची ओळ ऐकल्याशिवाय तिने कधी कशावर अंगठा दिला नाही.

तिची चंद्री नावाची म्हैस होती. मी पदवीधर झालो तो चंद्रीच्या दुधावर, असं मावशी गावभर सांगायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पुढे पौडला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे मला काम मिळालं. शस्त्रक्रियेआधी मालकाची संमती घ्यायचे फॉर्म त्यांच्याकडे इंग्रजीत होते. मी ते सोप्या मराठीत तयार केले... आजार काय, उपाय काय, धोका काय, मालकाला समजलं का. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचे. मलाही त्याचा अभिमान होता.

भातकापणीच्या दिवसांत चंद्री गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली. कमरेचं हाड मोडलं. आठ दिवस ती उठली नाही. मावशी तिच्याखाली पोती सरकवायची, कूस बदलायची, तरी अंगाला जखमा पडल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आता इंजेक्शन देऊन तिला सोडवणंच बरं, मालकाची सही घेऊन ये. चंद्रीच्या कानातला बिल्ला दत्ताच्या नावावर होता, कारण नोंदणीला मोबाइल नंबर लागला आणि घरात मोबाइल एकट्या दत्ताकडे. त्याला फोन केला. "आईला मागनं सांगू," तो म्हणाला, "न्हाईतर रडत बसंल." मी मोटारसायकलवर भरे गावाला गेलो, त्याच्या कंपनीच्या गेटवर सही घेतली आणि परत आलो. मावशी घरामागच्या खाचरात भात कापत होती. गोठ्याच्या दारातून हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. एका सहीसाठी मी भऱ्यापर्यंत गेलो, आणि हाक मारली नाही.

इंजेक्शन देऊन झाल्यावर ती आली, चंद्रीसाठी डोक्यावर गवताचा भारा घेऊन. भारा दारातच पडला. चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ बसली. मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी फॉर्म पुढे केला.

"ह्यात मालक कोन लिवलाय?"

"दत्ता."

"बरं." चंद्रीच्या कानामागे चिकटलेला पेंढा काढत ती म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मी बी व्हयच म्हनले असते. तिचे हाल मला काय दिसत न्हवते? पन तिच्या तोंडाशी बसले तरी असते रं."

ती माझ्याशी बोलणं बंद करील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पुढच्याच आठवड्यात तिने विजेचं बिल माझ्यापुढे धरलं.

यंदा तिच्या पोटाचं दुखणं वाढलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दत्ताने फॉर्म माझ्या हातात दिला, "तुजं अक्षर चांगलं हाय." हृदय अशक्त आहे, भूल दिल्यावर रुग्ण शुद्धीवर न येण्याचा धोका आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते मनातल्या मनात वाचलं. "आईला सांगू नगंस, घाबरंल," दत्ता म्हणाला. तो मुलगा होता, घाबरला होता. मी तर हेच काम करून पोट भरतो. नर्सने विचारलं, पेशंट स्वतः अंगठा देतील का? मी म्हणालो, "त्यांना फार त्रास होतोय, मुलगा सही करील." हे खोटं होतं. मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला, भात किती झालं, म्हणून विचारत होती.

स्ट्रेचर निघालं तेव्हा तिला माझ्या हातातला फॉर्म दिसला.

"कसला कागद रं?"

"काही नाही मावशी, नेहमीचाच."

"मंग वाच की."

लिफ्ट आली होती, वॉर्डबॉय घाई करत होता. "बाहेर आलीस की वाचतो," मी म्हणालो.

"आल्याव वाचून काय उपेग?" ती हसत म्हणाली, आणि लिफ्टचं दार लागलं. ती शुद्धीवर आलीच नाही; तिसऱ्या दिवशी मी पौडला कामावर गेलो आणि दत्ताचा फोन आला. त्या वेळी लिफ्टसमोर मी कागद हातात धरून उभा राहिलो... त्यातली ओळ न् ओळ मला पाठ होती.