सातव्या अक्षराचं ओलीत

आमच्या जिजाजींनी बायबल मोजलं. वाचलं नाही, मोजलं. पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन दर सातव्या अक्षराभोवती गोल करत गेले आणि हिवाळाभर तेच करत बसले. त्या पुस्तकात कोण कोणाला काय म्हणालं हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. मी एकदा विचारलं, "जिजाजी, यातली एखादी गोष्ट तरी सांगा." तर म्हणाले, "गोष्टी वरवरच्या असते, मॅडम. खरा माल आत असते."

मला ते मॅडम म्हणतात, कारण मी अमरावतीला राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेते. त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर बँकेत होते, बदल्या अकोला-वाशिमकडे, आणि निवृत्त झाल्यावर अचलपूरजवळच्या शेतात राहायला आले. शेतात संत्र्याची बाग आहे. ती ताईनं लावली, ताईनंच जगवली. नोकरी होती तोवर जिजाजी फोनवर "तुझी बाग काय म्हंते?" असं विचारायचे. निवृत्त झाले आणि बाग एकदम "आपली" झाली. सहा महिन्यांत ती "माझी" झाली होती.

बायबल काही त्यांचं पहिलं वेड नव्हे. त्याआधी वास्तू झालं होतं, त्यात ताईचा ओटा या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. मग अंगठीतला खडा. मग पाण्याच्या बाटल्यांवर 'शांती', 'समृद्धी' अशा चिठ्ठ्या चिकटवणं. आणि मग मोबाइलवर एक व्हिडिओ आला, की जगात जे जे घडलं आणि घडणार आहे ते सगळं बायबलात गुप्त अक्षरांनी लिहून ठेवलं आहे. हिंदू घरात हे कसं चाललं, असं कोणी विचारू नये. एरवी कोणाच्या हातचं पाणी प्यावं यावर तासभर बोलणारे आमचे लोक चमत्कार मात्र कोणाच्याही हातचा घेतात.

पुस्तक त्यांनी परतवाड्याच्या सिस्टरबाईंकडून आणलं. सिस्टरबाई ख्रिस्ती, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ताईच्या जुन्या ओळखीच्या. त्यांना वाटलं, या माणसाला उतारवयात काही चांगलं वाचायची इच्छा झाली. त्यांनी आपल्या घरातली जुनी प्रत कौतुकानं काढून दिली.

पुढे अकोल्याला एका मंगल कार्यालयात या विद्येचं शिबिर निघालं. जिजाजी मला सोबत घेऊन गेले. गणितवालं माणूस संगती असलं की वजन पडते, असं त्यांचं म्हणणं. स्टेजवर सुटातले एक गुरुजी होते आणि मागे पडद्यावर मराठी बायबलचं पान. त्यावर लाल चौकोन पाडत त्यांनी त्या पानातून भूकंप काढला, महामारी काढली, एक निवडणूकही काढली. सगळं होऊन गेलेलं. होणारं एकही नाही. सातव्या अक्षरावर जमलं नाही तर अकरावं घ्यायचं, पुढून जमलं नाही तर मागून यायचं. काना-मात्रा आडवी आली की ती धरायची नाही, कामाची असली की धरायची. माझ्या वर्गातल्या पोरांनी असा हिशेब केला असता तर मी त्यांच्या बापाला बोलावून घेतलं असतं.

मी हात वर केला. म्हटलं, "हे भाषांतर आहे ना? भाषांतर करणाऱ्यांनी इथे 'पाणी'च्या ऐवजी 'जल' लिहिलं असतं तर पुढची सगळी मोजणी सरकली असती. मग तुमचा भूकंप कुठे गेला असता?"

"त्यांच्याकडून तसं लिहवून घेतलं गेलं," गुरुजी म्हणाले.

"मग त्याच भाषांतरात पुढे सुधारणा का झाल्या? लिहवून घेणाऱ्याचं चुकलं होतं का?"

गुरुजी माझ्याकडे पाहून आजाऱ्याकडे पाहावं तसं हसले. म्हणाले, "ताई, शंका ही फार छोटी खिडकी आहे." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या वाक्याचा अर्थ मी आजपर्यंत शोधते आहे. मधल्या सुट्टीत आलूबोंडे मिळाले, ते मात्र खरोखर चांगले होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण संत्र्याच्या झाडाचं एक असतं. त्याला फुलं हवी असतील तर आधी त्याला पाण्यावाचून ठेवावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. डिसेंबरात ओलीत, म्हणजे बागेला पाणी देणं, बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि जानेवारीत वेळ साधून पाणी सोडायचं, की बाग पांढरी होते. घाई केली तर नुसता पाला येतो. उशीर केला तर झाड फुलायचं सोडून वाळायला लागतं. पाणी सोडायचा दिवस ताईच्या सासरी घरचा कर्ता ठरवतो, मोटारीपाशी नारळ फोडतो आणि बटण दाबतो. इतकी वर्षं कर्ता बदलीच्या गावी, म्हणून ताईच दिवस ठरवायची, नारळही तीच फोडायची. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. या वर्षी कर्ता घरी होता, आणि त्यानं दिवस बायबलात शोधला.

एका पानावर त्यांना 'पाणी' सापडलं, आणि त्याच्या तिरकस खाली 'माघ' आणि 'वद्य'. झालं. येरुशलेमच्या मंडळींनी वऱ्हाडातल्या संत्र्याच्या काळजीनं आपल्या पंचांगातला पंधरवडा काढून ठेवला होता! संक्रांत होऊन गेली, आजूबाजूच्या बागांतून मोटारी सुरू झाल्या, आणि आमचे कर्ते माघ वद्याची वाट पाहत पेन्सिलीला टोक करत बसले.

ताईचा फोन आला. ती एरवी रडणारी बाई नाही. "तू ये बाप्पा एकडाव," ती म्हणाली. "पानं गुंडाळून राहिले. पश्चिमेकडं जमीन उथळ हाय, तिकडचे झाडं आता थांबत नाईत. मी बोललो त म्हंते, तुले यातलं काय समजते?"

मी रविवारची पहिली एसटी धरली. वाटेत परतवाड्याला उतरून सिस्टरबाईंना सोबत घेतलं. म्हटलं, ज्यांचं पुस्तक त्यांचं तरी ऐकतील. शेतावर पोचल्यावर सिस्टरबाईंनी आपली ती जुनी प्रत उघडली, पानोपानी गोल पाहिले आणि खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मी तुमाले हे वाचाले देल्लं होतं."

"वाचूनच राहिलो ना, सिस्टर. तुमच्यापेक्षा खोल."

"आमच्यात सकाळ-संध्याकाळ वाचते. कोणी मोजत नाई," सिस्टरबाई म्हणाल्या. "आन हे जुनं भाषांतर. आता नवं आलं, त्यात शब्द बदलले. जुनी मराठी लोकायले समजत नव्हती म्हणून बदलले. लोकायले समजावं म्हणूनच त भाषांतर करते ना? त्यात कोणी लपवून ठेवन कायले?"

मला वाटलं, आता तरी प्रकाश पडेल. एवढं साधं, एवढं सरळ वाक्य मी त्या शिबिरात का बोलले नाही, याचं मला वाईटही वाटलं. जिजाजींचे डोळे खरंच चमकले. "नवं भाषांतर हाय? तुमच्यापाशी हाय?" सिस्टरबाईंच्या पिशवीत होतं. त्यांनी बिचारीनं भोळेपणानं दाखवायला काढलं आणि जिजाजी ते घेऊन आतल्या खोलीत गेले. जेवणं होईपर्यंत त्यातून 'फाल्गुन' निघाला. जुन्यात माघ, नव्यात फाल्गुन. दोन पुस्तकं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही लागला असता. जिजाजी बँकेतले. त्यांनी दोन्हींची सरासरी काढली. "माघाची अमावस्या पक्की," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात फवारणीचा नवा पंप पडला होता, त्याच्यासोबत आलेलं माहितीपत्रक मी उचललं. पंप कुठल्या देशातला कोण जाणे, पण पत्रकाचं मराठी असं होतं, की ते भाषांतर करणाऱ्यानं मराठी माणूस आयुष्यात पाहिला नसावा. मी त्यांचीच पेन्सिल घेतली, त्यांच्याच सोयीनं काना-मात्रा धरल्या आणि सोडल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्यातून 'पाणी' काढलं. लगेच खाली 'आज' काढलं. जरा हात मोकळा झाल्यावर 'जावई' काढला आणि त्याच्याजवळ 'गाढव'ही काढलं. म्हटलं, "बघा. एवढ्या मजकुरात चार अक्षरं हवी तशी लागतातच. पुस्तक बायबल असो की पंपाचं पत्रक असो. यात देव नाही, यात फक्त पुष्कळ अक्षरं आहेत."

जिजाजींनी मी काढलेल्या अक्षरांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे यातही हाय."

सिस्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मी खुर्चीतच बसले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण पालथा घडा निदान गप्प असतो. जिजाजी आता नव्या पेचात पडले होते. "पण हे 'आज' म्हंजे कोणतं आज? पत्रक छापलं तो दिवस का आपण वाचून राहिलो तो?" गाढवाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, ते बहुधा वरवरचं असावं. ते अंगणात जाऊन गुरुजींना फोन लावू लागले. गुरुजी उचलेनात.

ताई इतका वेळ दारात उभी होती. तिनं ते पत्रक माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं. "आज म्हंते ना?" एवढंच बोलली, आणि देवापुढचा नारळ घेऊन विहिरीकडे निघाली. जिजाजी तिच्या मागे "थांब, थांब, गुरुजींचा फोन लागू दे" म्हणत गेले. ती थांबली नाही. विहिरीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला आणि मोटार सुरू झाली. मी आणि सिस्टरबाई धावत गेलो तेव्हा पहिल्या ओळीत पाणी शिरलं होतं. ताई त्या पाण्याकडे पाहत पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि मला तिथे हसू आणि रडू एकदमच आलं.

बाग फुलली. सगळी नाही. पश्चिमेकडची उथळ जमिनीवरची झाडं त्यानंतर पाणी पिऊनही परत आली नाहीत. फांद्या टोकाकडून वाळत बुडाकडे आल्या. ती ताईनं पहिल्या वर्षी लावलेली झाडं होती. ती तोडली त्या दिवशी ताई जेवली नाही.

आणि जिजाजी? त्यांनी ताईनं मोटार सुरू केली त्या दिवसाची तिथी घेतली, सिस्टरबाईंच्या जुन्या प्रतीत शिरले आणि चार दिवसांत ती तिथी शोधून काढली. मागून पुढे, तेरावं अक्षर. "पाह्यलं? दिवस बरोब्बरच होता," म्हणाले. गुरुजींचा फोन आता लगेच लागला. उन्हाळ्यातल्या शिबिरात अनुभव सांगायला जिजाजींना आग्रहाचं बोलावणं आलं, सपत्नीक.

मे महिन्यातलं अकोला. मंगल कार्यालयात कूलर घरघरत होते आणि त्यातून भट्टीचीच हवा येत होती. ताई जायला तयार नव्हती, मग मला सोबत घेऊन आली. जिजाजींनी स्टेजवर बागेचे फोटो दाखवले, सगळे पूर्वेकडचे. फुलं किती, फळ कसं धरलं, तिथी कुठल्या पानावर होती. मधे 'मी' इतक्या वेळा आलं, की मोजायचंच होतं तर ते मोजायला हवं होतं. टाळ्या झाल्यावर गुरुजींनी माईक ताईपुढे धरला. "ताई, तुमचाही अनुभव सांगा. श्रद्धेचं फळ कसं मिळालं?"

ताई उठली. माईकची तिला सवय नाही, तिनं तो हरभऱ्याच्या पेंढीसारखा दोन्ही हातांनी धरला. "पाणी मी सोडलं," ती म्हणाली. "कोण्या पुस्तकात पाहून नाई सोडलं. झाडं मरून राहिले होते म्हणून सोडलं. आठ दिवस पहिले सोडाचं होतं, पण यायले भेलो. पश्चिमेचे झाडं माह्या भेण्यानं गेले. यायनं इतके अक्षरं मोजले, पण मले एकडाव इचारलं नाई का बाई, तुले काय वाटते."

जिजाजींची मान खाली गेली. मला क्षणभर वाटलं, संपलं एकदाचं.

मग गुरुजींनी ताईच्या हातातून माईक अलगद सोडवून घेतला. "ऐकलंत?" ते सभागृहाकडे वळून म्हणाले. "या माउलीला पुस्तकाचं नावही माहीत नाही, तरी तिच्या हातून तोच दिवस साधला गेला! यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. जिजाजींनी हळूहळू मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि तेही टाळ्या वाजवू लागले.