ह्या खेपेला चटणी नाही

खुटबावला शटल गाडीतून उतरलो तेव्हा हातात दत्तूचं ब्लँकेट होतं... आणि डोक्यात एवढंच, की हे पटकन देऊन दौंडला परत जायचं आणि झोपायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी आखातात एसी दुरुस्तीचं काम करायचो आणि सुट्टीवर घरी आलो होतो.

आखातातल्या माणसाची सुट्टी म्हणजे अर्धी हमालीच. जो घरी निघतो त्याच्या बॅगेत रूममधला प्रत्येक जण काही ना काही कोंबतो, आणि परत जाताना प्रत्येकाच्या घरून चटण्या, लोणची, भाजणी. नाही म्हणायची सोय नाही... उद्या आपलंही सामान कुणीतरी नेणार असतं.

दत्तू मूळचा खुटबावचा. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता थोडी शेती. तिकडं त्याची कंपनी बंद पडली, व्हिसा संपला, आणि हा गडी घरी यायचं सोडून लपूनछपून मिळेल ते काम करत राहिला. फक्त शुक्रवारी आमच्या रूमवर जेवायला यायचा.

त्या वर्षी तिकडं तपासणी फार कडक झाली होती. बस स्टॉपवर, भाजी मार्केटात, कुठंही पोलीस राहण्याच्या परवान्याचं कार्ड विचारायचे. रूममध्ये रोज तोच वाद... कागद असलेले म्हणायचे, बरं झालं, हे लोक कमी पैशात राबतात म्हणून आपला पगार वाढत नाही. बाकीचे म्हणायचे, गरिबाला कशाला धरता, त्याला आणणाऱ्या एजंटाला धरा.

मला दोन्ही पटायचं आणि दोन्हीचा कंटाळा आला होता. माझ्याकडे कार्ड होतं, तरी पोलीस दिसला की हात आपोआप खिशाकडं जायचा. दत्तू असा वाद चालू असला की मान खाली घालून भात कालवत बसायचा.

गावी आलो तर इथंही सुटका नाही. दौंड स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत भेटेल तो विचारत होता, "तिकडं लई कडक केलंय म्हणं?"

खुटबावात दत्तूच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, चहा टाकला. ब्लँकेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. कॉटवर आधीची ब्लँकेटं प्लॅस्टिकसकट रचलेली होती, त्यांच्यावर हेही ठेवून दिलं.

"भावजी, पोलीस धरत्यात म्हंजी नेमकं काय करत्यात?"

मला वाटलं बाई घाबरली. धीर द्यावा म्हणून म्हणालो, "काही नाही वहिनी. थोडे दिवस आत ठेवतात, बोटांचे ठसे घेतात आणि विमानात बसवून देतात. फक्त परत तिथं जाता येत नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

"मग ह्यांचा पत्ता देऊन टाका की त्यान्ला."

चहाचा ठसकाच लागला मला. हसण्यावारी न्यायला गेलो, पण त्या हसत नव्हत्या. "स्लॅब झाला की येतो म्हनले. स्लॅब झाला, फरशी झाली. आता म्हनत्यात वरची खोली. वर कोन ऱ्हानार हाय, भावजी?"

मग म्हणाल्या, "मेंढरू कोंडवाड्यात घातलं तर बरं असतं. पावती फाडून सोडवून आनता येतं. मोकाट गेल्यालं कुठं हुडकायचं?"

दारात दत्तूचे वडील बसले होते. एरवी सुनेला मध्येच तोडणारा माणूस... पण आबा इतकंच म्हणाले, "खरं हाय तिचं."

तिकडं मी किती मतं ऐकली होती. पण त्या कडक कायद्याच्या बाजूनं इतकं मनापासून बोलणारं माणूस मला खुटबावात भेटलं.

निघताना मी सवयीनं पिशवी पुढं केली. दर खेपेला जाणाऱ्याबरोबर दत्तूसाठी कारळ्याची चटणी असायचीच. वहिनींनी पिशवी तशीच परत केली. "ह्या खेपेला चटणी न्हाई. खायची तर हितं येऊन खावा म्हनावं."

पत्ता अर्थातच मी कुणाला दिला नाही, तेवढी छाती माझी नाही. पण परत गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी दत्तू रूमवर आला आणि नेहमीसारखी माझी बॅग उचकू लागला, तेव्हा निरोप जसाच्या तसा सांगितला... पोलिसांसकट.

"येडी हाय ती," म्हणून तो हसला. जेवताना बाकीच्यांच्या घरच्या चटण्या फिरत होत्या, त्यातली एकही त्यानं घेतली नाही. हात धुताना मला पुन्हा विचारलं, "कायच न्हाई दिलं व्हय, शेख?"

"नाही रे."

पुढं तिकडच्या सरकारनं माफी जाहीर केली. स्वतःहून या, शिक्षा नाही, पण ठसे द्या आणि परत येऊ नका. दत्तू गेला. मीच त्याला ठसे द्यायच्या ऑफिसपर्यंत टॅक्सीनं सोडलं. उतरताना म्हणाला, "वरची खोली ऱ्हायली बघ."

पुढच्या सुट्टीत खुटबावला भेटलो तेव्हा तो कुरकुंभला एका कारखान्यात हेल्पर होता. शिफ्ट करून दमलेला, जरा चिडचिडा झालेला. वरच्या खोलीच्या सळया तशाच उघड्या, त्यांना दोरी बांधून वहिनींनी कपडे वाळत घातले होते.

"तिकडं अजून तसंच कडक हाय का रं?" त्यानं विचारलं. आवाजात आशा होती... वाईट वाटलं.

मी बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "असंना का. भाकरी घ्या." आणि त्याच्या ताटात कारळ्याची चटणी वाढली.

संध्याकाळी दौंडला घरी आलो तर बायको माझी परतीची बॅग भरत होती. चटणीच्या डब्याचं झाकण नीट बसेना, ते ती जोर लावून दाबत होती.

माझे कागद चोख होते. कार्डाची मुदतही बाकी होती... मला धरून घरी पाठवायला कुणीच येणार नव्हतं.